ळ

परवा खजुरी बाजारात सतरावी आवृत्ती दिसली,
मलपृष्ठावर दोन प्राध्यापकांचे अभिप्राय.
एक म्हणतात : लेखिकेने नायिकेचे डोळे
एकदाही दाखवले नाहीत. केवढा हा संयम!

संयम कसला, भिया.
माझं मशीन हिंदी होतं,
कोर्टाच्या लिलावात एकशे दहा रुपयांना घेतलेलं.
त्यात ळ नव्हता. जामीन, कुर्की, बेदखली,
कोर्टाचं त्यावाचून कधी अडलं नाही.

शैलजाबाई वाळिंबे रामबागेतून वही घेऊन यायच्या.
पानाला चाळीस पैसे, कार्बनचे वेगळे.
पहिल्याच ओळीत 'सकाळ'. मी हात वर केले.
हसल्या. म्हणाल्या, पहाट टाका.
मग पुस्तकभर पहाटच होत राहिली.
आभाळाचं आकाश झालं, काळोखाचा अंधार,
डोळ्यांची नजर.
कुणाला काही कळेना, नुसतं उमगायचं.

नवव्या प्रकरणात ती पळून जाणार होती.
वहीत तसंच होतं, दोनदा अधोरेखित.
बाई पेन्सिल चावत बसल्या. बाहेर टेम्पोचा धूर,
माझा चहा गार.
"निघून गेली, असं करा,"
आणि पुढची साठ पानं घरी नेऊन पुन्हा लिहिली,
कारण निघून जाणारी बाई
मागच्या दाराने जात नाही.
त्या साठ पानांवर आता पीएच.डी. होतात.

शेवटच्या पानाशी मात्र अडून बसल्या.
शेवटचा शब्द : बाळ.
मूल घ्या, म्हटलं. लेकरू घ्या. तान्हं, छकुलं...
उत्तर आलं नाही.
वहीला घातलेलं कव्हर वर्षभर मी पाहत होतो,
ते झबल्याचं कापड आहे
हे त्या दुपारी दिसलं. पिवळं, त्यावर बदकं.

"जागा सोडा. ते अक्षर मी हाताने भरीन."
मी 'बा' ठोकलं, एक घर रिकामं ठेवलं,
टिंब दिलं.

भरलं नाही त्यांनी.
पुण्याच्या प्रेसने फट बुजवून टाकली,
आणि दुसरे प्राध्यापक लिहितात :
अखेरीस ती पित्याला हाक मारते.

दुकानदाराची पाठ होती. मी शेवटचं पान उघडलं,
पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं.
जागाच नव्हती. बा, आणि लगेच टिंब.