दीड मीटर जास्त

अल्डोना दुकानात आली ती
सोनेरी टोकांची, विणीची केबल बोटानं दाखवतच.
"ही द्या. हिच्यावर आठ लिहिलंय."
विद्मंतासनं चष्मा कपाळावर सरकवला.
चाळीस वर्षं क्लाइपेडाच्या गोदीत
जहाजांच्या पोटातून तारा ओढलेला माणूस.
म्हणाला, "तुमच्या दोन खोल्यांना ही म्हणजे
नाकापेक्षा मोती जड."

मग स्वस्तातली एक उचलून तळहातावर तोलली.
"हलकी लागते, बघा."
सुरीनं तार खरवडली :
वरचा तांबूस मुलामा गेला,
खाली पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम.
मी मान खाली घातली.
ती पेटी मीच मागवली होती.

शेवटी राखाडी. कॅट सिक्स. अख्खं तांबं.
चारचौघांत दाखवावं असं तिच्यात काही नाही.

दुपारी भिंतीतून ती ओढताना
टेलिफोनची जुनी तार हाताला लागली,
टोकाशी दीड मीटरचं वेटोळं, सुतळीनं बांधलेलं.
"हे ह्यांचं काम," अल्डोना म्हणाली,
"वाया घालवली म्हणून मी तेव्हा भांडले होते."
विद्मंतास काही बोलला नाही.
आमच्या केबललाही त्यानं तेवढंच वेटोळं ठेवलं,
उद्या कुणी टेबल हलवलं तर.

संध्याकाळी आम्ही हत्यारं आवरत होतो
तेव्हा रेक्याविकहून मुलगी पडद्यावर आली.
एरवी तिचं तोंड अर्ध्या शब्दावर थिजायचं.
आज तिनं जांभई दिली,
अख्खी,
आणि लगेच इकडे अल्डोनाला आली,
मग दारात उभ्या मलाही.