सोन्याचा एक हात

पाकिटं मंगळवारच्या बसने आली,
चिलोए बेटावरून, फेरीबोट धरून आठ-नऊ तास.
प्रत्येकावर शाळकरी अक्षरात नाव, आणि आत
दिसेल न दिसेल असं काहीतरी:
कुणाच्या कुत्र्याची पिसू,
शिंपल्याचा कपचा, जांभळ्या बटाट्याची चिमूटभर भुकटी.
एक तर रिकामंच होतं. वर लिहिलेलं,
‘आमच्या खिडकीतली हवा. नेल्सन, चौथी ब.’
तेही मी चिकटपट्टीवर झटकलं.
उगाच कशाला कुणाला नाही म्हणा.

माझ्या यंत्राला ओलं चालत नाही.
जे येईल ते आधी वाळवायचं,
मग त्यावर सोन्याचा एक हात द्यायचा,
दहा नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ नाहीच.
तीळ सातजणांत वाटून खावा म्हणतात;
या मापाने कापला
तर एका तिळात तीन लाख पानं उठतील.
हिशेबनीस तरी दर मार्चला विचारतो,
वाल्दिविया विद्यापीठाचं सोनं जातं कुठे?

शनिवारी सातला जोडणी लागली.
माझ्या पडद्यावर केयोनचं ग्रंथालय:
खुर्च्यांवर ओले रेनकोट, मागे लाकडाची शेगडी,
आणि महापौर, उभे.
हवा उपसून निघायला मला वीस मिनिटं लागतात.
ते तेवीस बोलले.
पोकळी दोन्हीकडे एकदमच तयार झाली.

मग बार्रीया सरांनी माउस पोरांच्या हाती दिला.
तिकडे एका मुलीने बोट सरकवलं
आणि चारशे किलोमीटरवर, माझ्या कोपराशी,
यंत्र हललं.
अजूनही दचकते मी. अकरा वर्षं झाली.

त्यांची लाइन मंद. चित्र वरून खाली, ओळ ओळ उतरतं,
आधी नुसते केस, मग पाय, मग
अख्खा हॉल किंचाळला. पिसू.
नेल्सनच्या हवेत निघाली शेगडीची काजळी
आणि मिठाचा एक चौकोनी कण,
कोपरे शाबूत, जसा समुद्राने घडवला तसा.
नेल्सन पडद्याकडे बघेचना.
तो खिडकीकडे बघत होता.

शेवटचं पाकीट मुलाचं नव्हतं.
एदुविहिस नाउएल्कीन, वय लिहिलेलं नाही,
राखाडी लोकरीचा बोटभर धागा.
‘बहिणीचा आहे,’ ती उभी राहून म्हणाली.
‘ओतिलियाचा. बाही अर्धी राहिली.’
शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला.

धाग्यावर खवले दिसले, एकावर एक,
आणि मागून कुणी म्हणालं, अरे, ही तर आपली घरं!
खरंच, तिथल्या भिंतींवरच्या लाकडी फळ्या,
तशाच, पावसाच्या उतारावर बसवलेल्या.
‘अजून जवळ,’ ती म्हणाली.
गेले.
‘अजून.’
एकाच खवल्याची कड, दरीसारखी.
‘अजून?’

मला सांगावं लागलं.
बाई, याच्यापुढे नुसतं धुकं आहे.
आणि ज्या किरणाने आपण बघतोय ना
त्यानेच ती जागा करपते.
एका ठिकाणी फार वेळ बघता येत नाही.

आवाज गेला की ती गप्प होती, कळेना.
पडद्यावर तिचा चेहरा चौकटी-चौकटींनी अडकलेला.
मग शब्द पोचले:
‘मग मागे या.
धागा दिसेपर्यंत मागे या.’

आले. हळूहळू. हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही.
दरीचा खवला झाला, खवल्यांची भिंत,
भिंतीचा पुन्हा धागा,
आणि त्यावर एक काळपट चौकोन,
जिथे आपण सगळे मिळून थांबलो होतो.
तो तिला दिसला असेल. मी दाखवला नाही.

बुधवारी सगळे नमुने परत पाठवले.
बसवाल्याने डबी हलवून विचारलं,
आत काही किमती?
मी म्हटलं, नाही हो, लोकर.
पावती फाडून तो वळला, तेव्हा आठवलं तसं म्हटलं,
आणि थोडं सोनं.