सव्वातीनचं ऊन

सकाळपासून मी माणसं वजा करते आहे.

तिबिलिसीच्या किल्ल्यावर चढले
तर तटाच्या रेषेवर नेमकी एक नवरी,
तिच्या डोक्यावरचं झिरझिरीत पांढरं
दोन बहिणींनी दोन टोकांना धरलेलं
आणि वारा ते बुरुजाच्या तोंडात कोंबत होता.
थांबले. वीस मिनिटं.
ती गेली तेव्हा ढग आला
आणि बुरुज नुसता बुरुज राहिला,
कॅलेंडरवरचा.

खाली गंधकाच्या हमामांचे घुमट,
पालथ्या घातलेल्या हंड्यांसारखे.
मला ते तिरपे हवे होते,
एकामागे एक, लहान होत जाणारे,
आणि पहिल्याच घुमटावर मांडी ठोकून
एक पोरगा कलिंगड खात होता,
बिया थुंकत होता थेट माझ्या चौकटीत.
हातानं खुणावलं, जरा सरक.
सरकला तो. माझ्याच बाजूला.
फोड पुढे केली.
मग बोटं चिकट, लेन्सला डाग,
आणि घुमटांचं जे काही आलं
ते धुक्यातलं, गोड.

संग्रहालय त्या मानानं रिकामं.
दुसऱ्या मजल्यावर हरीण:
कांस्याचं, वीतभर,
एक शिंग मातीतच राहून गेलेलं.
पुढे काच.
काचेत खिडकी, खिडकीत मी,
माझ्या कपाळावर बाहेर जाण्याची हिरवी पाटी, उलटी.
अशा जागी काळे कपडे घालावेत
हे मला ठाऊक होतं.
काळा कुर्ता आणलाही होता.
हॉटेलवर होता.

कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीत राखणदार बाई,
पायात लोकरीच्या सपाता, मांडीवर विणकाम.
डावीकडून साधलं तर खुर्चीचा पाय येतो,
उजवीकडून लोकरीचा गुंडा.
गुडघ्यांवर बसले, तर सपात.

"मोइत्सादे," ती म्हणाली.
सुईवरचे टाके मोजून होईपर्यंत
पुढे काही बोलली नाही.
मग घड्याळाकडे बोट: सव्वातीन. तोवर थांब.
तिच्याजवळ रशियन, माझ्याजवळ इंग्रजी,
दोघींची मिळून वीस बोटं.
त्यांतून एवढं कळलं
की नाव ननुली,
की सव्वीस वर्षं ती याच दालनात,
की हिवाळ्यात ऊन हरणाच्या पोटापर्यंतच पोचतं
आणि तिथून मागं फिरतं.

सव्वातीनला ते आलं,
वरच्या तावदानातून, फरशीवरून,
तिच्या सपातांवरून रांगत,
चौथरा चढलं.
आणि उरलेल्या शिंगाची सावली
मागच्या भिंतीवर पडली
अगदी तिथे, जिथे दुसरं असायला हवं होतं.

मी कॅमेरा उचलला
तर तिनं तो हातातून काढूनच घेतला.
खांद्यांना धरून मला हरणाशेजारी उभं केलं,
शाळेच्या फोटोत करतात तसं.
जवळ. अजून जवळ. हनुवटी वर.
मला ओरडायचं होतं, बाई, चार मिनिटंच आहेत ना,
पण मी हसत होते, दात दाखवून,
आणि ऊन तोवर खाली उतरूनही गेलं.

तो फोटो असा:
मी कानांपासून वर कापलेली,
क्षितिज कललेलं,
हरीण पूर्ण, दोन शिंगांचं,
आणि ज्या काचेशी दुपारभर भांडले
तिच्यात ननुली,
एक डोळा घट्ट मिटलेला,
काखेत विणकाम, सुया बाहेर.

आता तुमचा काढते, म्हटलं.
"आरा." नाही म्हणजे नाही.
जाऊन बसली, सुया हातात घेतल्या, थबकली.
कुठेतरी टाका सुटला होता,
मला उभं करण्याच्या नादात.
जिन्याच्या तोंडाशी वळून पाहिलं तेव्हा
ती ओळ उसवत होती,
आणि तिच्यामागची,
आणि तिच्याही मागची.