कोरी बाटली

नमुना घ्यायच्या आदल्या रात्रीपासून
केसांना तेल नाही, हाताला क्रीम नाही.
पाऊस आला तर भिजायचं, रेनकोट चालत नाही:
पाणी अंगाला लागू न देणाऱ्या कापडात
बहुतेक वेळा तेच असतं
जे आम्ही पाण्यात शोधतो.
सहा वेळा धुतलेला सुती सदरा.
निळे हातमोजे, दर बाटलीला नवे.
बर्फाच्या पेटीत बारा बाटल्या, अकरा रिकाम्या,
बारावी प्रयोगशाळेतूनच भरून आलेली.

तिला आम्ही कोरी म्हणतो.
तिच्यात काही नाही. तेच तिचं काम.
झऱ्याकाठी तिचं झाकण काढायचं,
तिथली हवा, माझे हात, माझा श्वास
तिला थोडा वेळ दाखवायचे आणि बंद करायची.
ती कोरी परत आली
तरच बाकी अकराजणींची साक्ष ग्राह्य.

मेनुगा झरा कुंपणापासून साठ पावलांवर.
माझ्या जन्माच्या दिवशी
याच पाण्याचं बोट माझ्या कपाळाला लावलं होतं,
आईच्याही, तिच्या आईच्याही.
कुंपणापलीकडे गवत आमच्यापेक्षा नीट कापलेलं,
मग धावपट्टी, मग तो काळा चौथरा
जिथे जुन्या विमानाचा सांगाडा पुन्हा पुन्हा पेटवून
पोरसवदा शिपाई आग विझवायला शिकले.
फेस पांढरा, भरघोस, आगीला भारी.
आग विझली. फेस जिरला,
प्रवाळाच्या खडकातून वाट काढत इकडे आला.
त्याला परवाना लागला नाही.
मी चार वेळा मागितला, आत जाऊन माती बघायला.
विचाराधीन आहे.

झऱ्याखाली आगारिए सेईतोकुंचं अळू,
पोटरीभर पाण्यात. वय ब्याऐंशी, कान अर्धे,
विमान गेलं की वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे.
"काय म्हणतंय पाणी?"
मी आकडा सांगते. ते मान हलवतात,
लांबच्या नात्यातलं कुणी आजारी असल्यासारखी.
बाजारात टोपलीवर गावाच्या नावाची चिठ्ठी असायची.
ती त्यांनी स्वतःच काढून टाकली,
मला न विचारता, मला न सांगता.

मार्चमध्ये कोरी बाटली कोरी आली नाही.
प्रयोगशाळेतल्या मियाराबाईंचा फोन:
थोडंसंच आहे, पण आहे.
अकराही बाद.
मी तो दिवस उलटा चालून पाहिला.
सदरा, हातमोजे, पेन, वही,
गाडीची सीट, सीटवर बसायच्या आधीची मी.
मग आठवलं: आगारिएंनी निघताना नाही,
येतानाच हातात पुडी दिली होती,
उकडलेल्या अळकुड्या, अजून कोमट,
बेकरीच्या कागदात, आतून मेणचट लकाकी असलेल्या.
नको म्हणायला हवं होतं.
दोन खाल्ल्या. तिसरी खिशात ठेवली.

तळावरून पत्र आलं, तीन वर्षांतलं पहिलं,
नवव्या दिवशी, सुबक, सही निळ्या शाईत:
आपल्या नमुन्यांच्या विश्वासार्हतेबाबत
आम्हांस चिंता वाटते.
तो "चिंता" शब्द मी बराच वेळ बघत बसले.

एप्रिल.
कागदाचं मी त्यांना सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं.
ते काही बोलले नाहीत. शेतात उतरले,
एक पान देठापासून खुडून आणलं
आणि अळकुड्या त्यात बांधल्या.
पानावर झऱ्याचा एक थेंब होता, गोल,
पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळणारा,
पानाला कुठेच न चिकटणारा.
अळवावरचं पाणी. टिकत नाही म्हणतात.
"याला तर कुणी काही फासलेलं नाही," ते म्हणाले,
"हे जन्मापासून असंच आहे."
आणि मग, विमान गेल्यावर:
"की आता यातही?"

मला ठाऊक नव्हतं.
पान मी लांब दगडावर ठेवलं,
नवे हातमोजे चढवले,
बाराव्या बाटलीचं झाकण काढलं
आणि तिच्यावर पडू नये म्हणून
श्वास धरून उभी राहिले.