मंजूर

मुहर्रकमध्ये, हलव्याच्या दुकानांमागच्या बोळात
एसी बंद असल्याची तक्रार होती.
पत्त्यात नुसतं 'दार' लिहिलेलं.
इथं दार म्हणजे वाजवणाऱ्यांचं घर,
हे मला तीन चुकीची दारं ठोठावल्यावर कळलं.

आत म्हातारा बू सरूर
जाड कापडाच्या पट्ट्यावर बकऱ्यांचे खूर शिवत बसलेला.
वाळलेले, काळपट, भोकं पाडलेले.
"मंजूर," तो म्हणाला,
आणि कमरेला लावून एक हिसका दिला.
सगळी खोली खडखडली.
मी हसलो. आमच्याकडे मंजूर म्हणजे
रजेच्या अर्जावर साहेबाची सही.
तो मोडक्या हिंदीत म्हणाला,
याला कुणाची सही लागत नाही.

मी स्टुलावर चढून जाळी काढली. धूळच धूळ.
खाली त्याची नात शम्मा संध्याकाळसाठी
पुठ्ठ्यांवर नावं लिहीत होती:
मरजान. याकूत. फैरूज. काफूर.
म्हटलं, काय नावं आहेत! जवाहिऱ्याच्या पेढीसारखी.
"पेढीवरच ठेवलेली," ती मान वर न करता म्हणाली.
"पोवळं, माणिक, पिरोजा, कापूर.
आयांनी काय हाका मारल्या, ते लिहायला
एक पुठ्ठा कोरा ठेवलाय."

मग मी विचारलं, अंबर?
मी औरंगाबादचा, बेगमपुऱ्यातला.
मलिक अंबरच्या नहरीचे खापरी नळ
आमच्या गल्लीखालून जायचे.
मास्तर सांगायचे, हबशी, विकला गेलेला पोरगा,
त्यानं अख्ख्या शहराला पाणी आणलं.
आणि मला वाटायचं, अंबर म्हणजे आकाश,
केवढ्या उंचीचं नाव.
बू सरूरनं दोरा दातानं तोडला.
"अंबर माशाच्या पोटातून निघतो.
वास छान. तोळ्यावर विकतात."

माझ्या हातून स्क्रू पडला.
कुणी शोधायला वाकलं नाही.

तेवढ्यात मुलगा आला, गाडीची किल्ली फिरवत.
बाबा, कशाला उकरून काढता दर वर्षी?
लोक विसरलेत आता.
म्हातारा बराच वेळ सुईतच बघत राहिला.
"शम्माला बघायला आले होते ना,
त्यांनी आधी तिचा हात खिडकीपाशी नेला.
उजेडात पाहिला. मग चहा घेतला.
कोण विसरलंय?"

एकेक खूर एकेकाचा, एवढी आमच्या घरची रीत, तो मला म्हणाला.
हा माझ्या आज्याचा. नाकाला चिमटा लावून
बुडी मारायचा, मोती काढायचा.
मोती तुमच्या मुंबईला जायचे.
कुणाच्या तरी नथीत असतील अजून.
आज्याचे कान फुटले होते. पण नाचायचा,
जमिनीतून ताल ऐकायचा, तळव्यांनी.
हे सांगताना तो रडेल असं मला वाटलं.
तो हसत होता, तोंडभर,
आज्याची चाल करून दाखवत.

एसी सुरू झाला.
तरी मी अवजारांची पेटी उगाच आवरत राहिलो.
संध्याकाळी बोळ भरला. तंबूरा लागला.
पट्टा बांधून बू सरूर उभा राहिला
आणि सत्तरीची कंबर अशी फिरली
की खुरांचा एक कळपच आत घुसला.
मुलगा दाराशी उभा, किल्ली मुठीत.
मग मूठ तालावर मांडीवर पडू लागली.
त्याला ते कळलं नसावं.

मी बाहेर येऊन ताईला फोन लावला.
म्हटलं, ताई, लहानपणी मी तुला हबशी म्हणायचो.
ती गप्प.
सगळ्यांसमोर म्हणायचो. पाहुण्यांसमोर.
"आज काय एकदम?"
काही नाही. ते लोक कोण, तेच मला माहीत नव्हतं.
तूही.

बराच वेळ नुसता तिचा श्वास.
मग म्हणाली, "मागं कसला आवाज येतोय रे?
गारा पडतायत का तिकडे?"
नाही गं, म्हटलं.
आणि फोन दाराकडे धरला.