छाट

चेकर एकेक बंडल अंगठ्यानं दाबायचा.
बारीक. जाड. तोंड उघडं.
टाक बाजूला.
हजारातून दीडशे छाट,
आणि छाट तो फेकत नव्हता, विकत होता,
हे आम्हाला फार उशिरा कळलं.

राजेशम चिप्पांनी त्याच दारात सतरा दिवस बसवलं.
मदीनाच्या मांडीवर माझी पोर,
माझ्या मांडीवर तिचं तंबाखूचं सूप.
ती म्हणायची कामरेट, मी म्हणायची कामरेडु.
छाट शेकडा पाचवर आली.
तेवढीच क्रांती बघितली मी,
शेकडा पाच.

मग घरं मिळाली, जकात नाक्यापलीकडे, माळावर.
कागदावर आम्ही खेड्यात,
पोट सोलापुरात.
शहराला पाचव्या दिवशी पाणी,
आम्हाला नवव्या,
तेही टँकरवाल्याच्या घरी लग्न नसेल तर.

राजेशम गेले. बावीस माणसं होती,
मी मोजली.

युनियनच्या खोलीत आता भूमेश बसतो,
माझ्या पोरीचा पोरगा, बी.कॉम.
मुलाखतीत पत्ता विचारून दोनदा माघारी धाडलेला.
पुण्याला आठ महिने गोडाऊनमध्ये काढले, परत आला
तर कुणीतरी त्याला खुर्ची दिली,
भूमेशराव म्हटलं.
मी कधी म्हटलं नव्हतं.

भिंतीवर देशाचा नकाशा, खिडकीएवढा.
यात आपला माळ कुठाय रे, मी विचारलं.
"देश आहे अव्वा. माळ काय शोधायलीस?"

काल रात्री मतदारांची यादी घेऊन बसला.
एकेका नावावर बॉलपेन थांबायचं.
"काय करायलास?"
"आपले कोण, ते बघायलोय."
पान उलटलं.
मदीना इस्माईल शेख, वय एकोणसत्तर.
म्हटलं, तुझी आई हिच्या मांडीवर वाढली,
सतरा दिवस, उन्हात.
ऐकलं त्यानं. मानही हलवली.
वाईट नाही पोरगा.
टिंब दिलं मात्र, समासात,
बारीक.

सकाळी मदीना आली, सूप काखेत.
"भूमेश उठला का गं?
टँकरचा अर्ज लिहून घ्यायचाय.
त्याचंच ऐकतात आता सगळे."

निजलाय, म्हटलं. बस.
तिची कात्री बोथट झालेली,
माझी दिली तिला,
आणि भिजलेली पानं मधे घेऊन
दोघी कापत बसलो.