हरवण्याची तालीम

बसस्टँडसमोर माझं दुकान आहे, झेरॉक्स आणि फॉर्मांचं.
तिथं बसून मी अर्ध्या फैजपूरची तिकिटं काढलीत,
हरिद्वार, तिरुपती, लेकीच्या बाळंतपणाला सुरत,
कुणाला खालचाच बर्थ, कुणाला खिडकी.
यंदा पहिल्यांदा प्रवाशांच्या रकान्यात
आमची चार नावं टाइप केली
आणि हात जरा गार पडले.
भुसावळ ते हावडा.
वेटिंग सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

कलकत्ताच का, असं जो तो विचारतो.
ऋजुतानं कुठंतरी वाचलं, तिथं मेट्रो नदीखालून जाते.
"मग आपल्या तापीखालून का नाही?" हितांशु.
"मे महिन्यात आपण तापीतून चालतच जातो की," हे म्हणाले,
आणि केळीच्या काट्याची एक जुनी पावती
पालथी घालून पुढं सरकवली:
लिहा.

तिनं लिहिलं, मेट्रो. ट्राम. व्हेल माशाचा सांगाडा.
त्यानं लिहिलं, सरकता जिना (दहा वेळा).
ह्यांनी लिहिलं, खोली स्टेशनजवळ,
खानावळ बिनमाशाची, सापडली तर.
मी लिहिलं, दशम्या दोन दिवसांच्या, शेंगदाण्याची चटणी,
उलटीच्या गोळ्या,
आणि खाली बेरीज, मग बेरजेवर रेघ,
मग ट्रामपुढं प्रश्नचिन्ह.
पावतीच्या पुढल्या बाजूला
कुणाच्या तरी बागेचं वजन होतं, बावीस क्विंटल,
ते शाईतून आरपार दिसत राहिलं.

कुंपणावरून यशोदाकाकू:
"भर उन्हाळ्यात चालल्या? अन् बिबड्या कोन करीन वं?"
म्हणून बिबड्या आधी झाल्या.
पहाटे चारला ज्वारीचा घाटा रटरटत होता
आणि मी ढवळता ढवळता
हावडा पुलावर मुलांचे हात कसे धरायचे ते ठरवत होते,
डावीकडं कोण, उजवीकडं कोण,
आणि पिशवी कुठल्या हातात.

त्या रात्री गच्चीवर ऋजुता म्हणाली,
"आणि आम्ही हरवलो तर?"
हे झोपल्याचं सोंग करून पडले होते, उठून बसले.
नियम ठरला:
हरवलात की हलायचं नाही.
जिथं असाल तिथंच थांबायचं.
शोधणं आमचं काम.

बुधवारच्या बाजारात तालीम घेतली.
दोघांच्या मनगटांवर बॉलपेननं माझा नंबर,
आणि मुद्दाम हात सोडून दिले.
पण फैजपुरात पोराला हरवता येईना.
बांगडीवालीनं पाच मिनिटांत आणून दिला,
"लीलाधरभाऊचा ना हा?"
दुसऱ्यांदा मिरच्यांच्या ढिगाजवळून
शाळेच्या शिपायानं कडेवर उचलून आणला,
वर मलाच रागावला.

तिसऱ्यांदा मात्र तो दिसेनाच.
कांद्यांची रांग, कापडवाले, कुल्फीची गाडी,
मी आधी चालले, मग पळाले,
चप्पल एक मागं राहिली,
हाका मारताना त्याचं नाव मला परकं वाटलं,
फॉर्मात भरतात तसं, आडनावासकट.

तो बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभा होता,
उन्हात, पाय जुळवून.
शेजारच्या रसवाल्यानं तीनदा बोलावलं होतं सावलीत,
हा गेला नव्हता.
"मी हललो नाही," म्हणाला.
ओठ वाळलेले. मनगट घट्ट धरलेलं,
जणू नंबर सांडेल.

मी त्याला दोन ग्लास रस पाजला आणि स्वतः बसूनच राहिले.
ऋजुता माझी चप्पल घेऊन आली.
"आई, तू का पळालीस?
तुला कुठं शोधायचं ते आम्ही ठरवलंच नव्हतं."

काल चार्ट पाहिला. अकरा, बारा, तेरा, चौदा.
ट्रामचं प्रश्नचिन्ह कुणीतरी खोडलंय,
पेन्सिल ह्यांची वाटते.
आंघोळीत हितांशुच्या हातावरचे
शेवटचे तीन आकडे गेले.
मी पुन्हा लिहिले.
मग त्यानं पेन मागून घेतलं,
माझं मनगट उलटं केलं,
आणि जीभ बाहेर काढून, मोठ्या अक्षरात,
त्याला पाठ असलेला एकच पत्ता लिहिला:
आई, बसस्टँडसमोर.